सूक्ष्मतरंग आकाशातून आकाशगंगा वजा कशी करावी

प्लँक उपग्रहाचा ३० गिगाहर्ट्झचा नकाशा पडद्यावर उघडला की आधी दिसते ती आपलीच आकाशगंगा. मध्यावर आडवा पसरलेला झगझगीत पट्टा, त्यातून वर निघालेली मोठी कमान, मृग नक्षत्राच्या बाजूचे तेजस्वी डाग, आणि या सगळ्याच्या आड, ज्याच्यासाठी उपग्रह पाठवला ते वैश्विक सूक्ष्मतरंग पार्श्वप्रारण, म्हणजे सीएमबी. या प्रारणाचे सरासरी तापमान २.७२५५ केल्विन आहे. सूर्यमालेच्या गतीमुळे त्यात दिसणारा द्विध्रुव ३.३६ मिलीकेल्विनचा असतो, विश्वरचनाशास्त्राला हवे असलेले चढउतार शंभर मायक्रोकेल्विनच्या आसपास असतात, त्यांचे ध्रुवीकरण जेमतेम काही मायक्रोकेल्विन भरते, आणि गुरुत्वीय लहरींची खूण असलेला ध्रुवीकरणाचा बी-भाग (म्हणजे त्याच्या नकाशातला भोवऱ्यासारखा वळणारा भाग; उरलेला तो ई-भाग) त्याहूनही कितीतरी क्षीण असतो. याउलट, आकाशगंगेच्या पट्ट्यात ३० गिगाहर्ट्झला आंतरतारकीय वायू, धूळ आणि वेगवान इलेक्ट्रॉन यांचे प्रारण मिलीकेल्विनच्या घरात जाते. पार्श्वभूमीच्या पुढे उभ्या असलेल्या या प्रारणाला अग्रभूमी म्हणतात.

ही अग्रभूमी नकाशांतून वेगळी कशी काढायची, ते पुढे क्रमाने मांडले आहे. वाचकाला पदवीपातळीचे भौतिकशास्त्र आणि पायथॉनचा थोडा सराव आहे असे धरले आहे. प्लँक आणि डब्ल्यूमॅप या दोन्ही उपग्रहांचे नकाशे कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात, आणि साधा लॅपटॉप या कामाला पुरतो. या कामातल्या बहुतेक चुका गणिती पद्धत निवडताना होत नाहीत, हे आधीच सांगितलेले बरे. त्या त्याच्या कितीतरी आधी, म्हणजे एकके, बँडपास (उपकरणाचा पट्टा कोणत्या वारंवारतेला किती संवेदनशील आहे ते) आणि शून्यपातळी यांच्यात होतात, आणि पद्धत कितीही प्रगत असली तरी तिथली चूक ती भरून काढत नाही. म्हणून या लेखाचा बराच भाग त्या रुक्ष तयारीवर खर्च केला आहे.

आधी ओळख, मग वजाबाकी

आंतरतारकीय माध्यम सूक्ष्मतरंगांत मुख्यतः चार प्रकारे उजळते, आणि वारंवारता बदलली की प्रत्येक प्रकार आपापल्या रीतीने कमी-जास्त होतो. सीएमबीचा वर्णपट मात्र कृष्णिकेचा आहे, हे कोबे उपग्रहावरील फिरास उपकरणाने अत्यंत काटेकोरपणे दाखवलेले आहे. त्यामुळे योग्य एकक वापरले तर सीएमबीचे चढउतार प्रत्येक वारंवारतेच्या नकाशात सारखेच दिसतात. जे सर्व नकाशांत सारखे ते सीएमबी आणि जे बदलते ते अग्रभूमी, एवढ्या एकाच भेदावर सगळी वजाबाकी उभी आहे.

पहिला प्रकार सिंक्रोट्रॉन प्रारणाचा. वैश्विक किरणांतील इलेक्ट्रॉन आकाशगंगेच्या काही मायक्रोगॉस इतक्या दुबळ्या चुंबकीय क्षेत्रात जवळपास प्रकाशाच्या वेगाने मळसूत्री वाटेने फिरतात आणि त्या फिरण्यातून हे प्रारण बाहेर पडते. त्याचे रेले-जीन्स तापमान (म्हणजे तीव्रतेला वारंवारतेच्या वर्गाने भागून, त्या प्रमाणात काढलेले तापमान) वारंवारतेच्या साधारण उणे ३ या घातांकाने घसरते, पण हा घातांक आकाशात जागोजागी बदलतो. तो बदल किती महागात पडतो हे एका हिशोबाने कळेल. हॅस्लम आणि सहकाऱ्यांनी जॉड्रेल बँक, एफेल्सबर्ग आणि पार्क्स येथील दुर्बिणींच्या निरीक्षणांतून १९८२ साली प्रसिद्ध केलेला ४०८ मेगाहर्ट्झचा संपूर्ण आकाशाचा नकाशा आजही सिंक्रोट्रॉनचे टेम्प्लेट, म्हणजे योग्य प्रमाणात गुणून वजा करायचा नमुना-नकाशा, म्हणून वापरला जातो. त्या नकाशात एखाद्या ठिकाणी आकाशगंगेचे प्रारण १० केल्विन असेल, तर घातांक उणे ३.० धरल्यास ३० गिगाहर्ट्झला सुमारे २५ मायक्रोकेल्विन उरतात. घातांक उणे २.९ धरला तर तेच ३९ होतात. घातांकातल्या एका दशांशाने उत्तर दीडपट झाले. वारंवारतेची उडी जितकी लांब, तितका असा धोका मोठा, म्हणून शक्य असेल तिथे टेम्प्लेट जवळच्या वारंवारतेचेच घ्यावे.

इथे आपल्याकडच्या वाचकाला एक मोह होण्याचा संभव आहे. नारायणगावजवळ खोडद येथे असलेल्या जीएमआरटी दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्झला केलेल्या टीजीएसएस सर्वेक्षणाची २०१७ साली प्रसिद्ध झालेली आवृत्ती सहज मिळते, तिचे पृथक्करण २५ विकलांइतके बारीक आहे आणि तिच्यात सहा लाखांहून अधिक रेडिओस्रोतांची नोंद आहे. मग तीच सिंक्रोट्रॉनचे टेम्प्लेट म्हणून का वापरू नये? कारण जीएमआरटी हा व्यतिकरणमापी आहे: दोन अँटेनांतले अंतर शून्य करता येत नसल्याने अंशाअंशांवर पसरलेले विरळ प्रारण त्याला दिसतच नाही, आणि आपल्याला नेमके तेच हवे असते. बिंदुस्रोतांचा मास्क (नकाशाचा नको असलेला भाग झाकणारा पडदा) तयार करण्यासाठी मात्र ही यादी उत्तम आहे.

दुसरा प्रकार मुक्त-मुक्त प्रारणाचा. तप्त ताऱ्यांनी आयनीभूत केलेल्या हायड्रोजनमध्ये इलेक्ट्रॉन प्रोटॉनजवळून वळतात तेव्हा ते निघते. मृगातील तेजोमेघ आणि हंस तारकासमूहातील विस्तीर्ण आयनीभूत प्रदेश ही त्याची ठळक ठिकाणे. त्याचा घातांक उणे २.१४च्या जवळ जवळजवळ स्थिर असतो आणि त्याला जवळपास ध्रुवीकरण नसते, म्हणून तो चौघांत सर्वांत सरळ स्वभावाचा. त्याचे टेम्प्लेट हायड्रोजनच्या अल्फा रेषेच्या दृश्य प्रकाशातील नकाशातून घेतात, पण आकाशगंगेच्या प्रतलाजवळ धूळ तो प्रकाश गिळते, आणि तिथे हे टेम्प्लेट विश्वासार्ह राहत नाही.

तिसरा प्रकार गेल्या शतकाच्या अखेरीपर्यंत कोणाच्या हिशोबातच नव्हता. कोबेच्या नकाशांचा धुळीच्या नकाशांशी मेळ घालताना १९९६ साली असे दिसले की काही दहा गिगाहर्ट्झला धुळीच्या जागी अपेक्षेपेक्षा जास्त प्रारण येते. १९९७ साली ओवेन्स व्हॅली येथील निरीक्षणांतूनही तेच पुढे आले, आणि १९९८ साली ड्रेन व लझारियन यांनी त्याचे स्पष्टीकरण सुचवले: अतिसूक्ष्म धूलिकण सेकंदाला अब्जावधी फेऱ्यांच्या वेगाने स्वतःभोवती फिरतात आणि त्यांच्यातील विद्युत द्विध्रुवामुळे प्रारण करतात. याला आजही विसंगत सूक्ष्मतरंग प्रारण असेच सावध नाव आहे. ते साधारण १० ते ६० गिगाहर्ट्झच्या दरम्यान असते आणि त्याचे शिखर ३० गिगाहर्ट्झच्या आसपास येते. ययाती तारकासमूहातील रेणुमेघ आणि ज्येष्ठा नक्षत्राजवळचा रो ऑफियुकी मेघ या दोन जागी ते अगदी स्पष्ट दिसते. नकाशा नीट साफ झाला की नाही हे पाहायचे असेल तेव्हा मी या दोन जागांवर आधी नजर टाकतो. तिथे डाग उरला असेल तर पुढचे आकडे काढण्याची घाई करू नये.

चौथा प्रकार धुळीच्या औष्णिक प्रारणाचा. ताऱ्यांच्या प्रकाशाने वीसेक केल्विनपर्यंत तापलेले कण हे प्रारण देतात. त्याचा वर्णपट सुधारित कृष्णिकेचा असतो, म्हणजे कृष्णिकेच्या वर्णपटाला वारंवारतेच्या बीटा या घाताने गुणलेले असते. प्लँकच्या मोजणीनुसार बीटा सरासरीने १.६च्या आसपास आणि तापमान १९.६ केल्विनच्या आसपास येते. हे प्रारण वारंवारतेबरोबर वेगाने वाढते. खालून वर जाताना सिंक्रोट्रॉन कमी होतो, वरून खाली येताना धूळ कमी होते, आणि सत्तरएक गिगाहर्ट्झच्या आसपास दोघांची बेरीज सर्वांत कमी असते.

यांच्या जोडीला कार्बन मोनॉक्साइड आहे. त्याच्या रेषा ११५.३, २३०.५ आणि ३४५.८ गिगाहर्ट्झला येतात, म्हणजे बरोबर प्लँकच्या १००, २१७ आणि ३५३ या पट्ट्यांच्या आत. १४३चा पट्टा यातून सुटला आहे, आणि तो इतका लाडका असण्याचे हेही एक कारण आहे.

नकाशे एका मापात आणणे

प्लँकच्या नऊ पट्ट्यांपैकी ३०, ४४ आणि ७० गिगाहर्ट्झ हे खालच्या उपकरणाचे, तर १००, १४३, २१७, ३५३, ५४५ आणि ८५७ हे वरच्या उपकरणाचे. नकाशे हीलपिक्स या, आकाशाचे समान क्षेत्रफळाचे पिक्सेल करणाऱ्या, पद्धतीत साठवलेले असतात. एनसाइड (पिक्सेल किती बारीक ते ठरवणारी संख्या) २०४८ला एका नकाशात ५ कोटी ३ लाखांहून अधिक पिक्सेल असतात आणि साध्या अचूकतेत तो सुमारे २०० मेगाबाइट जागा घेतो. सरावासाठी एनसाइड १२८ किंवा २५६ पुरेसे आहे.

सर्वांत आधी एकक तपासावे. २०१८च्या आवृत्तीत ३५३ गिगाहर्ट्झपर्यंतचे नकाशे सीएमबी-केल्विनमध्ये, म्हणजे उष्मागतिकी तापमानात आहेत, तर ५४५ आणि ८५७चे मेगाजान्स्की प्रति स्टेरेडियनमध्ये आहेत. अग्रभूमीची सूत्रे मात्र बहुधा रेले-जीन्स तापमानात लिहिलेली असतात. दोन्हींमधला गुणक काढायला सोपा आहे: वारंवारतेला ५६.८ गिगाहर्ट्झने भागून येणारी संख्या क्ष मानावी, ई या संख्येचा क्षवा घात काढून त्यातून १ वजा करावा, आलेल्याचा वर्ग करावा, आणि त्याला क्षच्या वर्गाने व ईच्या त्याच क्षव्या घाताने भागावे. रेले-जीन्स तापमानाला या गुणकाने गुणले की सीएमबी-केल्विन मिळतात. ३० गिगाहर्ट्झला हा गुणक १.०२ येतो, १०० ला १.२९, १४३ ला १.६५, २१७ ला २.९९ आणि ३५३ ला तब्बल १२.९. खालच्या पट्ट्यांवर काम शिकलेला माणूस हा गुणक विसरून जातो, कारण तिथे तो विसरला तरी फारसे बिघडत नाही. ३५३ला मात्र उत्तर तेरापट चुकते.

दुसरी गोष्ट दुर्बिणीच्या झोताची, म्हणजे तिला एका वेळी दिसणाऱ्या आकाशाच्या तुकड्याची. ३० गिगाहर्ट्झचा झोत सुमारे ३३ कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), १४३चा ७.३ कलांचा आणि ३५३चा ४.८ कलांचा आहे. वेगवेगळ्या झोतांचे नकाशे एकमेकांतून वजा केले तर प्रत्येक तेजस्वी स्रोताभोवती कडी उमटतात. म्हणून सर्व नकाशे एकाच झोतावर, समजा १ अंशावर, आणावेत. झोत गॉसीय मानल्यास रुंदींच्या वर्गांची वजाबाकी करून वर्गमूळ घ्यायचे असते: ३० गिगाहर्ट्झच्या नकाशाला ५० कलांचे आणखी पुसटीकरण लागते, ३५३च्या नकाशाला जवळजवळ पूर्ण ६० कलांचे. पुसटीकरण करण्यापूर्वी मोकळे पिक्सेल शोधावेत. हीलपिक्समध्ये माहिती नसलेल्या पिक्सेलमध्ये एक प्रचंड ऋण संख्या भरलेली असते, आणि ती तशीच पुसटली तर सगळा नकाशा नासतो. पिक्सेलांचा क्रमही पाहून घ्यावा. प्लँकचे नकाशे नेस्टेड क्रमात येतात, तर बरीच साधने रिंग क्रम गृहीत धरतात. क्रम चुकला तर नकाशा विटांच्या ढिगासारखा दिसतो, त्यामुळे ही चूक निदान लपून तरी राहत नाही.

लपून राहते ती शून्यपातळीची चूक. डब्ल्यूमॅप किंवा प्लँक यांना आकाशाचे निरपेक्ष तापमान मोजता येत नाही, फक्त दोन जागांमधला फरक मोजता येतो. म्हणून प्रत्येक नकाशात एक स्थिर संख्या बाहेरून ठरवलेली असते. वरच्या उपकरणाच्या नकाशांत दूरच्या दीर्घिकांच्या अवरक्त पार्श्वभूमीची सरासरी मुद्दाम ठेवलेली आहे. २०२०च्या आवृत्तीत तर सूर्यगतीचा द्विध्रुवही नकाशातच आहे, तो २०१८च्या आवृत्तीत काढलेला होता. या गोंधळातून निसटण्याचा जुना आणि उत्तम मार्ग म्हणजे तापमान-तापमान आलेख. आकाशाच्या एका तुकड्यातील प्रत्येक पिक्सेलचे एका नकाशातले मूल्य आडव्या अक्षावर आणि दुसऱ्यातले उभ्या अक्षावर मांडावे. ठिपक्यांतून जाणाऱ्या रेषेचा उतार दोन वारंवारतांतील अग्रभूमीचे गुणोत्तर देतो, आणि शून्यपातळी चुकली असली तरी तिच्यामुळे रेषा फक्त वर-खाली सरकते, उतार बदलत नाही.

एका साध्या वजाबाकीचे गणित

आता १४३ गिगाहर्ट्झच्या नकाशातून धूळ काढू. ३५३चा नकाशा धुळीने भरलेला असल्याने तोच टेम्प्लेट म्हणून घ्यावा. बीटा १.५९ आणि तापमान १९.६ केल्विन धरून, दोन्ही वारंवारतांना सुधारित कृष्णिकेचे मूल्य काढून, ते सीएमबी-केल्विनमध्ये बदलले तर १४३ला धूळ ३५३च्या सुमारे ०.०४० पट येते. २१७ला हीच संख्या ०.१३ च्या जवळ जाते. म्हणजे ३५३चा नकाशा ०.०४०ने गुणून १४३मधून वजा करायचा.

इथे एक पायरी हमखास निसटते. ३५३च्या नकाशातही सीएमबी आहेच, आणि तो १४३मधल्या सीएमबीइतकाच आहे. धूळ वजा करताना त्याचाही तेवढा भाग गेला. म्हणून उरलेल्या नकाशाला १ वजा ०.०४०, म्हणजे ०.९६ने भागावे लागते. हे विसरल्यास १४३मध्ये सीएमबीची शक्ती, म्हणजे चढउतारांचा वर्ग, सुमारे आठ टक्क्यांनी कमी भरते, आणि २१७मध्ये तर जवळपास चोवीस टक्क्यांनी. चोवीस टक्के शक्ती गमावलेल्या नकाशातून कोणी विश्वाचे वय काढू नये.

बँडपासचा प्रश्नही याच टप्प्यावर सोडवावा. प्लँकचे पट्टे एकेका वारंवारतेला चिकटलेले नाहीत. वरच्या उपकरणात त्यांची रुंदी वारंवारतेच्या तीसएक टक्के आहे, आणि चढत्या वर्णपटाची धूळ पट्ट्याच्या वरच्या टोकाकडे अधिक झुकते. ३५३वरून १५० गिगाहर्ट्झवर धूळ आणताना नुसत्या मध्य-वारंवारता वापरल्या तर गुणोत्तर ०.०४५ येते, पट्ट्याचा खरा आकार धरला तर ते ०.०४ च्या किंचित खाली उतरते. फरक नगण्य वाटेल, पण शक्तिपटात (कोणत्या कोनीय मापावर चढउतारांची शक्ती किती ते दाखवणाऱ्या आलेखात) गुणोत्तराचा वर्ग येतो आणि चूक तीस टक्क्यांच्या घरात जाते. बीटामध्ये ०.१ची चूक याच उडीत तापमानात आठ टक्के आणि शक्तीत सोळा टक्के फरक पाडते, म्हणजे बँडपासचे दुर्लक्ष बीटाच्या चुकीपेक्षाही महाग पडू शकते. पट्ट्यांचे मोजलेले आकार नकाशांच्याच संग्रहात मिळतात. ते वापरायला अर्धा दिवस जातो, आणि तो घालवावा.

मास्क

आकाशगंगेचे प्रतल कोणत्याही पद्धतीने पूर्ण साफ होत नाही. तो भाग झाकणे हाच प्रामाणिक उपाय. प्लँकने २० टक्क्यांपासून ९९ टक्क्यांपर्यंत आकाश खुले ठेवणारे मास्क दिले आहेत. तापमानाच्या कामाला ७० टक्के आकाश घेऊन सुरुवात करावी, ध्रुवीकरणाला त्याहून कमी. त्यावर बिंदुस्रोतांचा आणि कार्बन मोनॉक्साइडच्या दाट भागाचा मास्क चढवावा. मास्कची कड एकदम तोडलेली नसावी. दोन ते पाच अंशांच्या उताराने ती शून्यावर आणावी, नाहीतर मोठ्या मापावरील शक्ती लहान मापांवर सांडते.

पद्धत कोणती घ्यावी

प्लँकच्या गटाने एकच सीएमबी नकाशा चार स्वतंत्र पद्धतींनी काढला: कमांडर, एनआयएलसी, सेव्हेम आणि स्मिका. चार पद्धती ठेवण्यामागचा शहाणपणा असा की त्यांची गृहीतके वेगळी आहेत, आणि जिथे चौघांचे उत्तर जुळत नाही ती जागा संशयित ठरते. नवशिक्याने यांतील दोन कल्पना समजून घ्याव्यात.

एक म्हणजे अंतर्गत रेषीय संयोग. प्रत्येक वारंवारतेच्या नकाशाला एक भार द्यायचा, सर्व भारांची बेरीज १ ठेवायची म्हणजे सीएमबी अबाधित राहतो, आणि या अटीत राहून एकूण चढउतार किमान होतील असे भार शोधायचे. वर १४३ आणि ३५३चे जे गणित केले त्यातले भार १.०४ आणि उणे ०.०४ होतात; त्यांची बेरीज १ येते, म्हणजे ते याच पद्धतीचे दोन नकाशांपुरते रूप होते. धुळीचा बीटा किती, हे इथे सांगावेच लागत नाही, आणि हेच तिचे आकर्षण. तिचा दोष असा की सीएमबी आणि अग्रभूमी यांच्यात योगायोगाने जेवढा मेळ असतो त्याचा फायदा घेऊन ती सीएमबीचीही थोडी शक्ती खाते. आकाशाचे तुकडे जितके लहान करावे तितका हा घास मोठा होतो, म्हणून तुकडे करताना हात आखडता घ्यावा.

दुसरी कल्पना प्रतिमानाची: प्रत्येक पिक्सेलमध्ये सिंक्रोट्रॉन, मुक्त-मुक्त, फिरती धूळ, औष्णिक धूळ आणि सीएमबी यांची मूल्ये अज्ञात मानून सर्व वारंवारतांना एकाच वेळी जुळवायचे. कमांडर हेच करतो. यातून अग्रभूमीचेही नकाशे मिळतात आणि अनिश्चितता नीट पुढे नेता येते. पण पाच-सात नकाशांतून दहा अज्ञाते काढायला गेले तर सिंक्रोट्रॉन, मुक्त-मुक्त आणि फिरती धूळ एकमेकांची जागा घेऊ लागतात, कारण २० ते ६० गिगाहर्ट्झमध्ये तिघांचे वर्णपट फार वेगळे दिसत नाहीत. सीएमबी बरोबर येतो आणि घटकांचे नकाशे मात्र चुकलेले असतात, असेही घडते. माझा कल संयोगाच्या पद्धतीने सुरुवात करून प्रतिमान नंतर घेण्याकडे आहे, निदान ज्याला धुळीपेक्षा सीएमबीमध्ये रस आहे त्याच्यासाठी.

शक्तिपट काढताना एकाच नकाशाचा वर्ग घेऊ नये. त्यात उपकरणाच्या गोंगाटाचा वर्गही मिसळतो. दोन स्वतंत्र नकाशांचा परस्परगुणाकार घ्यावा, त्यांचे गोंगाट एकमेकांशी संबंधित नसल्याने सरासरीत गळून पडतात. ही युक्ती संयोगाच्या पद्धतीला जोडून राजीब साहा, पंकज जैन आणि तेव्हा पुण्याच्या आयुका या खगोल संस्थेत असलेले डॉ. तरुण सौरदीप यांनी २००६ साली डब्ल्यूमॅपच्या नकाशांतून, बाहेरचे कोणतेही टेम्प्लेट न वापरता, सीएमबीचा शक्तिपट काढून दाखवला होता. ज्याला एखादी पद्धत मुळापासून स्वतः लिहून पाहायची आहे त्याने हा शोधनिबंध समोर ठेवावा. त्याचा आराखडा आटोपशीर आहे आणि आजच्या लॅपटॉपवर तो सहज चालतो.

ध्रुवीकरणाचा वेगळा मामला

तापमानात आकाशगंगा प्रतलाजवळच त्रास देते; ध्रुवीकरणात ती सर्वत्र त्रास देते. लांबट धूलिकण आपला आखूड अक्ष चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने ठेवून फिरतात, त्यामुळे त्यांचे प्रारण क्षेत्राला लंब दिशेत ध्रुवीकृत होते, आणि काही जागी ध्रुवीकरणाचे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत पोहोचते. सिंक्रोट्रॉन सैद्धांतिकदृष्ट्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत ध्रुवीकृत असू शकतो. क्षेत्राच्या गुंत्यामुळे प्रत्यक्षात तो बराच कमी भरतो. मुक्त-मुक्त आणि फिरती धूळ इथे जवळपास गैरहजर असतात, हा एवढाच दिलासा. धूळ आणि सिंक्रोट्रॉन दोघेही एकाच चुंबकीय क्षेत्राचे ऐकतात, त्यामुळे त्यांचे ध्रुवीकरण अंशतः एकमेकांशी जुळते, आणि त्यांना पूर्ण स्वतंत्र मानणारे प्रतिमान चुकते.

याचा धडा २०१४ साली मिळाला. दक्षिण ध्रुवावरील बायसेप-२ दुर्बिणीने सुमारे ३८० चौरस अंशांच्या तुकड्यात, केवळ १५० गिगाहर्ट्झ या एकाच वारंवारतेला, अत्यंत संवेदनशील निरीक्षणे केली, आणि १७ मार्च २०१४ रोजी आदिम गुरुत्वीय लहरींची खूण सापडल्याचे जाहीर झाले. लहरींचे प्रमाण दाखवणारे आर हे गुणोत्तर ०.२ इतके सांगितले गेले. मोजमाप अचूक होते. आकाशात तो बी-भाग खरोखरच होता. पण एका वारंवारतेवरून तो सीएमबीचा की धुळीचा हे सांगता येत नाही. सप्टेंबरमध्ये प्लँकने ३५३ गिगाहर्ट्झच्या ध्रुवीकरणावरून दाखवले की त्या तुकड्यातील धूळच १५०ला तेवढ्या पातळीचा बी-भाग देऊ शकते, आणि धूळ वजा न करता आदिम संकेत मोजता येईल असा तुकडा उच्च अक्षांशांवरही नाही. २०१५ साली दोन्ही गटांनी मिळून केलेल्या विश्लेषणात आरवर ०.१२ची फक्त वरची मर्यादा उरली. पुढे त्याच स्थळी ९५ आणि २२० गिगाहर्ट्झ जोडल्यावर, २०२१ साली, ही मर्यादा ०.०३६पर्यंत खाली आली. एका वारंवारतेची कितीही वर्षांची निरीक्षणे दुसऱ्या वारंवारतेची जागा घेऊ शकत नाहीत, हे प्रस्ताव लिहिणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे.

स्वतः हे काम करताना काही व्यावहारिक गोष्टी सांभाळाव्या लागतात. ध्रुवीकरण क्यू आणि यू या दोन राशींनी मांडतात, आणि हीलपिक्स व आंतरराष्ट्रीय खगोलीय संघ यांच्या संकेतांत यूचे चिन्ह उलट असते. दोन ठिकाणचे नकाशे एकत्र करताना ते न तपासल्यास ई आणि बी एकमेकांत मिसळतात. क्यू आणि यू यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ घेऊन ध्रुवीकरणाची तीव्रता काढली तर गोंगाट तिला सरासरीने वाढवतच नेतो, म्हणून जुळवणी शक्यतो क्यू आणि यू यांच्यावरच करावी. मास्कमुळे ई-भागाचा काही अंश बीमध्ये गळतो, आणि ई बराच मोठा असल्याने ती गळती संकेताहून मोठी ठरू शकते. नमास्टरसारख्या साधनात तिचे शुद्धीकरण करण्याची सोय आहे. धुळीच्या ध्रुवीकरणात बी-शक्ती ई-शक्तीच्या साधारण निम्मी असते आणि शक्तिपट बहुध्रुव क्रमांकाच्या (हा क्रमांक मोठा तितके कोनीय माप लहान) सुमारे उणे २.४ घाताने उतरतो, हे प्लँकने मोजलेले आहे. आपल्या धूळ-नकाशात ही दोन लक्षणे दिसली नाहीत, तर मागे जाऊन एकके पुन्हा तपासावीत.

उत्तरावर विश्वास कधी ठेवावा

साफ केलेला नकाशा पाहण्याआधी वजा केलेला नकाशा पाहावा. त्यात ययातीचा मेघ, वृषभातील धूळ, मोठी कमान आणि धनू राशीतील केंद्र ओळखू यायला हवे. ज्या डागांचे आकाशगंगेत नाव सापडत नाही ते बहुधा आपल्या चुकीचे असतात. त्यानंतर साफ केलेल्या २१७मधून साफ केलेला १४३ वजा करावा. सीएमबी नाहीसा होऊन फक्त गोंगाट उरला पाहिजे. आकाशगंगेच्या आकाराचे काही उरले तर तेवढी अग्रभूमी अजून आत आहे. मग मास्क ७० टक्क्यांवरून ६० आणि ४० टक्क्यांवर आणून उत्तर पुन्हा काढावे. मास्क घट्ट केल्यावर उत्तर सांख्यिकी अपेक्षेपेक्षा जास्त हलत असेल, तर तो सीएमबीचा गुण नव्हे, कारण सीएमबीला आकाशगंगेचे अक्षांश ठाऊक नाहीत.

शेवटची चाचणी कृत्रिम आकाशाची. पायएसएम या मुक्त साधनाने धूळ, सिंक्रोट्रॉन आणि इतर घटकांचे नकाशे हव्या त्या वारंवारतेला तयार करता येतात; त्यात आपण स्वतः बनवलेला सीएमबी आणि गोंगाट मिसळून सगळी साखळी पुन्हा चालवावी. एकदा बीटा सर्वत्र सारखा ठेवून, एकदा जागोजागी बदलता ठेवून, आणि एकदा आपल्या पद्धतीला ठाऊक नसलेल्या एखाद्या धूळ-प्रतिमानावर. आकाशात गुरुत्वीय लहरी मुळीच न घालता आर शून्याऐवजी ०.०१ आला, तर अग्रभूमीने आपल्या पद्धतीतून तेवढे खोटे उत्तर तयार केले असा त्याचा अर्थ आहे, आणि खऱ्या आकाशाच्या उत्तराशेजारी तो आकडाही छापावा.